मार्गदर्शन फक्त मुलांनाच का? उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
उत्तर अमेरिकेतील सर्व मराठी मंडळे

स. न. वि. वि.

आपल्यापैकी बहुतेक मंडळे वर्षातून एकदा तरी कॉलेज प्रवेशाविषयी मार्गदर्शनाचा कार्यक्रम घेतात. हायस्कूलमधील मुले आणि त्यांचे आईवडील जमतात, नामांकित विद्यापीठात नुकतीच प्रवेश मिळवलेली दोन-चार मुले आपले अनुभव सांगतात, एपी कोर्स (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या दर्जाचे कोर्स) किती घ्यावेत आणि निबंध कसा लिहावा यावर प्रश्नोत्तरे होतात. हे काम आपण मनापासून करता आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र त्याच सभागृहात मुलांसोबत आलेल्या चाळिशीच्या आईला किंवा तिशीतल्या मावशीला स्वतःच्या शिक्षणाबद्दल काही विचारायचे असेल, ही शक्यता कार्यक्रम आखताना कोणी धरत नाही. हे पत्र त्या शक्यतेविषयी आहे.

माझा अधिकार एवढाच की मी या वाटेने गेले आहे. लग्न ठरल्यावर मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडली, नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आले, मुले शाळेत रुळल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे स्थानिक सरकारी कॉलेज) नाव घातले आणि तेथून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका कॅम्पसमध्ये थेट तिसऱ्या वर्षात दाखल झाले. हे सगळे करताना हुशारीची उणीव मला क्वचितच जाणवली. उणीव होती ती योग्य वेळी मिळायला हव्या असलेल्या माहितीची, आणि ती माहिती माझ्या भोवतालच्या मराठी माणसांकडे नव्हती, कारण त्या दिशेने कोणी पाहिलेलेच नव्हते.

कॅलिफोर्नियापुरते बोलायचे, तर ही वाट चुकून उघडी राहिलेली नाही. ती मुद्दाम बांधलेली आहे. राज्याने 1960 साली उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा स्वीकारला, त्यात हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज अशी विभागणी केली गेली. अशा विभागणीत अठराव्या वर्षी मागे पडलेला माणूस कायमचा मागे राहण्याचा धोका होता. त्यावरचा उतारा म्हणून कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे चांगल्या रीतीने पूर्ण करणाऱ्यांना विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्राधान्याने घ्यावे, असे त्याच आराखड्यात ठरले. आज राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजे आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये गेल्या काही वर्षांत पहिल्या वर्षासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्के मुलांना प्रवेश मिळतो, तर ट्रान्सफरसाठी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षात येण्यासाठी, अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या भागाला मिळतो, आणि हे ट्रान्सफर विद्यार्थी बहुतांशी राज्यातील कम्युनिटी कॉलेजांतूनच आलेले असतात. (कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांत हे प्रमाण फार खाली जाते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर या पत्राची जाहिरात होईल.)

फीचे गणितही आपल्या कार्यक्रमांत कधी मांडले गेलेले मी ऐकलेले नाही. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक मोजण्याचे एकक) 46 डॉलर पडतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या पात्रतेसाठी लागणारी 60 युनिट 2,760 डॉलरमध्ये होतात. पुस्तके आणि पार्किंग वेगळे. विद्यापीठाची एका वर्षाची फी त्याच्या पाचपटीहून अधिक आहे. आपली माणसे काटकसरीचे कौतुक करणारी, तरी या एका काटकसरीचे नाव घेताना आवाज खाली का जातो, हे मला कळत नाही. 'मुलगा कम्युनिटी कॉलेजला आहे' हे वाक्य आपल्याकडे घरात काही अप्रिय घडल्यासारखे उच्चारले जाते आणि मोठ्या वयाची बाई तेथे जाते म्हटले की 'छान, वेळ चांगला जातो' असे उत्तर मिळते. वेळ घालवायलाच कोणी कॅल्क्युलस घेत नाही.

आता अडचणींकडे येते, कारण मंडळांची खरी गरज तेथे आहे. या वाटेवर माणसे परीक्षेत नापास होऊन बाहेर पडतात त्याहून जास्त चुकीच्या पहिल्या पावलामुळे बाहेर पडतात, आणि ते पाऊल चुकले होते हे दोन-तीन वर्षांनी कळते.

सर्वांत मोठा खाचखळगा पदवीचा आहे. लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या अनेक मराठी स्त्रियांकडे बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. ही पदवी असते. येथे नव्याने विषय बदलून शिकायचे म्हणून त्या कम्युनिटी कॉलेजात जातात आणि ट्रान्सफरचे स्वप्न धरून अभ्यास करतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे बहुतेक कॅम्पस आधीच पदवी असलेल्या अर्जदाराला दुसऱ्या पदवीसाठी घेत नाहीत किंवा मोजक्या विषयांतच घेतात. अशा बाईने कम्युनिटी कॉलेजात फक्त आवश्यक पूर्वतयारीचे कोर्स करून थेट मास्टर्ससाठी अर्ज करणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. त्यातही तीन वर्षांची भारतीय पदवी येथे पूर्ण पदवी धरली जाते की नाही, हे संस्थेगणिक बदलते. ते आधी लेखी विचारून घ्यावे लागते. म्हणजे जिची पदवी माझ्यासारखी अर्धवट राहिली तिला एक वाट आहे आणि जिची पूर्ण झाली तिला दुसरी. हा फरक पहिल्याच दिवशी सांगणारे कोणी असेल, तर कित्येकींची वर्षे वाचतील.

दुसरी अडचण जुन्या गुणपत्रिकांची. वीस वर्षांपूर्वी एफ.वाय.ला लागलेली एटीकेटी कोणाला दाखवावीशी वाटत नाही, आणि 'ते इंडियातले आहे, इथे कोण बघतो' असा सल्ला देणारेही भेटतात. हा सल्ला धोकादायक आहे. विद्यापीठाच्या अर्जात शाळा संपल्यानंतर जेथे जेथे नाव घातले त्या प्रत्येक कॉलेजची नोंद करावी लागते, मग ते कोणत्याही देशात असो. लपवलेले उघड झाले तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. उलट, जुने खराब गुण आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळवलेले चांगले गुण शेजारी शेजारी दिसले, तर अर्ज वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी समजते. खरी डोकेदुखी ती कागदपत्रे मिळवण्याची असते. भारतातील विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मागवणे म्हणजे तिकडे कोणी भाऊ किंवा मावसबहीण खिडकीशी उभी राहणार, अर्जात एक सही कमी पडणार, महिने जाणार. कोणत्या विद्यापीठाची सध्याची पद्धत काय, अर्ज ऑनलाइन होतो की प्रत्यक्ष जावे लागते, पाकीट कोणी कोणाला पाठवायचे, ही माहिती आपल्या सभासदांमध्ये विखुरलेली आहे, कारण ग्रीन कार्ड आणि नोकरीसाठी शेकडो जणांनी हेच केले आहे. ती एकत्र करणे मंडळाला जितके सोपे आहे तितके कोणत्याही कॉलेजच्या काउन्सेलरला नाही.

तिसरी गोष्ट व्हिसाची. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या व्यक्तीला येथे शिकण्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही आणि अर्धवेळ शिकले तरी चालते. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झाले असेल आणि येथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, तर रहिवाशांची फी लागू होते. हे माहीत नसल्यामुळे काही जणी कितीतरी पट अधिक फी भरतात किंवा ती पाहूनच परत फिरतात. मात्र सरकारी मदतीचे दार एच-फोरला बंद असते. पेल ग्रँटसारखी संघराज्याची मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक वर्गांनाच मिळते. नवरा-बायको वेगळे झाल्यावर एच-फोरचा आधारच जातो, आणि अशा बाईला सर्वांत आधी वकिलाची गरज असते, कॉलेजची नंतर. हे विषय मंडळाच्या व्यासपीठावर नकोसे वाटतात हे मी समजू शकते, तरी ते टाळल्याने सुटत नाहीत.

अभ्यासक्रमाविषयी एवढेच सांगते की कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या कोर्सऐवजी धरला जातो, याची राज्याची अधिकृत नोंद 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर आहे आणि पहिल्या टर्मच्या आधी ती उघडून पाहिली नाही तर आवडीने घेतलेले अर्धे कोर्स कामी येत नाहीत. इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक कोर्स कोणत्याही परिस्थितीत लागतो. पूर्वी बऱ्याच काळाने परतलेल्या विद्यार्थ्याला प्रवेशचाचणीत अडकवून वर्ष-दोन वर्षे खालच्या पायऱ्यांवर बसवत. 2017 च्या कायद्यानंतर बहुतेकांना थेट विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या इंग्रजी आणि गणितापासूनच सुरुवात करता येते. आपले इंग्रजी 'तेवढे' नाही म्हणून मागे राहिलेल्यांना हा बदल कोणीतरी सांगायला हवा. अर्ज करण्याआधी युनिट किती वर्षांत पूर्ण केली, यावर बंधन नाही. घर सांभाळून टर्मला दोन कोर्स घेतले तर चार-पाच वर्षे लागतात, आणि ती तशीही जाणारच असतात.

निबंधाच्या बाबतीत मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण तेथे मंडळाचा संबंध थेट येतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ट्रान्सफरच्या अर्जात चार छोटी उत्तरे मागते, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांचे. सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण विचारात घेतले जात नाहीत आणि अर्जाबरोबर शिफारसपत्रेही मागवली जात नाहीत. गुण, केलेले कोर्स, इतर कामांची यादी आणि ही चार उत्तरे यांवरच सगळे अवलंबून असते. ज्या बायांना मी अर्ज भरायला मदत केली, त्या कामांच्या यादीत 'काही नाही, घरीच होते' असे लिहून मोकळ्या होत. त्यांतल्या एकीने मराठी शाळेत कित्येक वर्षे दर रविवारी वर्ग घेतला होता, पालकांची समजूत काढली होती, मुलांच्या परीक्षा घेतल्या होत्या. दुसरीने मंडळाचे हिशेब सांभाळले होते, हॉलचे करार केले होते, विम्याची कागदपत्रे भरली होती आणि गणपतीच्या दिवशी पाचशे माणसांची पंगत वेळेत उठवली होती. हायस्कूलमधील मुलगा दोन शनिवार अन्नछत्रात उभा राहिला की ते नेतृत्व म्हणून ठळक अक्षरांत लिहितो आणि या बायका वर्षानुवर्षे केलेले काम लिहायला लाजतात, कारण ते काम आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नाही. आपणही नाही. स्वयंसेवकांना नारळ आणि शाल देण्याबरोबर कामाचे स्वरूप, कालावधी आणि अंदाजे तास नोंदवलेले एक साधे पत्र दिले, तर ते खाजगी विद्यापीठांच्या अर्जाला जोडता येईल, शिष्यवृत्तीसाठी वापरता येईल आणि मुख्य म्हणजे त्या बाईला स्वतःचे काम कागदावर दिसेल.

खाजगी विद्यापीठांचा उल्लेख आला, म्हणून तेथील परिस्थितीही सांगते. ज्या नावांनी आपली सभागृहे भारावून जातात, त्यांतल्या काहींकडे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार आहे आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठाचे स्कूल ऑफ जनरल स्टडीज 1947 मध्ये, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांची कॉलेजांत रीघ लागली होती त्या काळात, उभे राहिले. तेथे शिकण्यात खंड पडलेल्यांना इतर पदवी विद्यार्थ्यांच्याच वर्गांत बसवले जाते. येलचा एलाय व्हिटनी कार्यक्रम, ब्राउनमधील शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम, स्मिथ कॉलेजचा 24 वर्षांपुढील स्त्रियांसाठी असलेला एडा कॉमस्टॉक कार्यक्रम आणि माउंट होल्योकचा फ्रान्सिस पर्किन्स कार्यक्रम हे त्याच जातीचे. प्रिन्स्टनने जवळपास तीन दशके बंद ठेवलेला ट्रान्सफर प्रवेश 2018 मध्ये पुन्हा सुरू केला आणि त्यात माजी सैनिक व कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी यांच्यावर भर दिला. या जागा थोड्या आहेत, प्रत्येक ठिकाणी आर्थिक मदतीचे नियम निराळे आहेत आणि काही ठिकाणी ती अपुरी पडते, त्यामुळे कर्ज काढून नाव विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. परंतु मुलांसाठी या विद्यापीठांची नावे जपमाळेसारखी घेणाऱ्यांना त्यांचे हे दार ठाऊकच नसावे, याचे नवल वाटते.

कॅलिफोर्नियाबाहेरच्या मंडळांनी येथले नियम जसेच्या तसे सांगू नयेत. व्हर्जिनियात कम्युनिटी कॉलेजांचे तेथील विद्यापीठांशी हमीप्रवेशाचे करार आहेत. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजचे श्रेयांक राज्यातील सरकारी विद्यापीठांनी स्वीकारावेत यासाठी कायदा आहे. टेक्सासमध्ये विद्यापीठागणिक चित्र बदलते. प्रत्येक मंडळाने आपल्या राज्याचे नियम स्वतः शोधले पाहिजेत.

प्रवेश मिळाल्यानंतरचे दिवस सोपे नसतात, हेही आपल्या व्यासपीठावरून सांगितले गेले पाहिजे. ट्रान्सफर विद्यार्थ्याला दोनच वर्षे मिळतात. बाकीच्यांची ओळख, प्राध्यापक, प्रयोगशाळा सगळे जुळलेले असते आणि उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज पहिल्याच टर्मच्या सुरुवातीला येऊन आदळतात. पहिल्या टर्मला बहुतेकांचे गुण घसरतात. माझेही घसरले. गटात करायच्या प्रकल्पांची बैठक एकोणीस वर्षांची मुले रात्री दहाला ठरवतात, त्या वेळी माझ्या घरात दुसऱ्या दिवसाचे डबे आणि गृहपाठ चाललेले असत. बर्कलीसारख्या कॅम्पसवर मोठ्या वयात परतलेल्यांसाठी वेगळा कक्ष आहे आणि कुटुंबासह राहणाऱ्यांसाठी ऑल्बनीमध्ये विद्यापीठाची वसाहत आहे, परंतु ही मदत आपणहून दार ठोठावत नाही, ती शोधावी लागते. घरातल्या माणसांची तयारी हा तर स्वतंत्र विषय आहे. मंडळात या विषयावर बोलताना नवऱ्यांनाही बोलवावे, ते नसतील तर अर्धी चर्चा वाया जाईल.

आणखी एक गोष्ट थोडी अप्रिय आहे. दरवर्षी एखाद्या तरी कार्यक्रमात आपण आनंदीबाई जोशींचे स्मरण करतो. त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्या वेळी त्या विवाहित होत्या, मूल गमावलेल्या होत्या आणि घरापासून हजारो मैलांवर राहत होत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ, विवाहित आणि विधवा स्त्रियांना शिकवले जाई. घरसंसार अंगावर पडल्यानंतर शिकणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. त्या परंपरेची छायाचित्रे आपण मंचावर लावतो आणि समोर बसलेल्या बाईला मात्र तिच्या मुलाचा जीपीए विचारतो.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक मंडळाने वर्षातून एक बैठक केवळ मोठ्या वयात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी घ्यावी, तेथे त्या भागातील एखाद्या कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सफर काउन्सेलरला बोलवावे आणि या वाटेने गेलेले दोन-तीन मराठी विद्यार्थी, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, समोर बसवावेत. नोकरी गेलेले पुरुष आणि टॅक्सी चालवणारे किंवा हॉटेलात काम करणारे आपले बांधवही या विषयात आहेत, ते फक्त आपल्या कार्यक्रमांना कमी येतात. बैठकीच्या वेळी मुलांना सांभाळण्याची सोय हवी. ती नसेल तर ज्यांच्यासाठी बैठक आहे त्याच घरी राहतील. भारतातील विद्यापीठांकडून ट्रान्सक्रिप्ट मिळवण्याची माहिती लिहून काढून ती दरवर्षी ताजी ठेवणारा एक सभासद नेमावा. आणि सत्कार समारंभात ट्रान्सफर होऊन गेलेल्यांची नावेही वाचली जावीत, वय न सांगता.

बैठक कधी घ्यावी, याचेही उत्तर सोपे आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसवर कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते आणि त्या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्येच करावा लागतो. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, त्यानंतर जानेवारीत ताज्या गुणांची माहिती भरावी लागते, जी भरायची बरेच जण विसरतात, आणि निकाल एप्रिलअखेरपर्यंत कळतात. म्हणून ही बैठक ऑगस्टअखेरीस व्हावी. त्याच सुमारास बहुतेक मंडळांची गणेशोत्सवाची तयारी चालू असते, हॉल ठरलेला असतो आणि वर्षात कधीही न येणारी माणसेही त्या दिवशी येतात. आरती आणि जेवण यांच्या मधला तासभर पुरेसा होईल. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील जे मंडळ या वर्षी हे करील, तेथे मी माझे जुने अर्ज, निबंधांचे कच्चे मसुदे आणि कोर्सच्या याद्या घेऊन यायला तयार आहे. ट्रान्सक्रिप्टच्या माहितीचे पहिले टिपणही मीच लिहून देईन.

कळावे,
आपली नम्र,
मंडळाची एक सभासद आणि कम्युनिटी कॉलेजची माजी विद्यार्थिनी